सी प्रोग्राम अनेक फाइलींत मांडताना: कोणतं फंक्शन कुठे ठेवायचं आणि कोणाला दिसू द्यायचं

सी शिकताना सगळ्यांची सुरुवात एकाच फाइलने होते आणि त्यात काही वाईट नाही. पन्नास ओळी असतात, मग तीनशे होतात, मग एक दिवस आठशे ओळींची मेन.सी झालेली असते आणि आपण त्यात वर-खाली स्क्रोल करत तेच फंक्शन चौथ्यांदा शोधत असतो. मग कोणीतरी सांगतं, अरे फाइली वेगळ्या कर ना. आपण करतो, लिंकर दोन स्क्रीन भरून एरर ओकतो, आणि आपण गपचूप सगळं परत एका फाइलमध्ये चिकटवतो. मी हे दोनदा केलंय म्हणून माहितीये.

हा लेख तिथे अडकलेल्यांसाठी आहे. फंक्शन, पॉइंटर आणि स्ट्रक्ट येतात असं धरून चालतो. कोड मुद्दाम कॉपी-पेस्ट करायला दिलेला नाही, वाचून दाखवल्यासारखा सांगितलाय, तुम्ही हाताने टाइप करा, चुकू द्या, कारण या विषयात अर्धं शिक्षण एरर वाचूनच होतं.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच ओढू. एक प्रोग्राम आहे, टेक्स्ट फाइल वाचतो, कोणता शब्द किती वेळा आला ते मोजतो आणि शेवटी यादी छापतो. आत एक हॅश टेबल आहे (शब्दावरून एक आकडा, म्हणजे हॅश, काढून त्यानुसार शब्द ठेवायची आणि पटकन शोधायची रचना), फाइल वाचून शब्द सुटे करणारा भाग आहे आणि छापणारा भाग आहे. फार मोठं काही नाही पण फोडायला पुरेसं आहे.

आधी कंपाइलरला काय दिसतं ते

हे नीट डोक्यात बसलं की बाकीचं निम्मं आपोआप सुटतं, म्हणून इथे जरा थांबतो.

कंपाइलर एका वेळी एकच डॉट सी फाइल बघतो. तुमच्या फोल्डरमध्ये दहा फाइली असोत, टेबल.सी कंपाइल करताना त्याला मेन.सी नावाची काही चीज आहे हेही माहीत नसतं. आधी प्रीप्रोसेसर येतो, तो इन्क्लूडच्या प्रत्येक ओळीच्या जागी त्या हेडरमधला, म्हणजे डॉट एच फाइलमधला, मजकूर जसाच्या तसा ओततो, अक्षरशः कॉपी-पेस्ट. त्यातून जो लांबलचक मजकूर तयार होतो त्याला म्हणतात ट्रान्सलेशन युनिट, आणि कंपाइलरचं जग तेवढंच. त्यातून एक ऑब्जेक्ट फाइल निघते, डॉट ओ.

सगळ्या डॉट ओ तयार झाल्या की लिंकर येतो. त्याला सी भाषा अजिबात कळत नाही. त्याच्याकडे फक्त नावांची यादी असते, या ऑब्जेक्टमध्ये टेबल_ॲड नावाचं काहीतरी आहे, त्या ऑब्जेक्टला टेबल_ॲड नावाचं काहीतरी हवंय, चला जोडा. त्या फंक्शनला किती आर्ग्युमेंट आहेत, ते इंट परत देतं की डबल, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे यावरूनच एक मार खाल्ल्याची गोष्ट सांगणार आहे.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. सी मध्ये तुम्ही कोणत्याही फंक्शनबाहेर जे काही लिहिता, फंक्शन असो की व्हेरिएबल, ते न सांगता जाहीर असतं. म्हणजे लिंकरच्या यादीत त्याचं नाव जातं आणि पूर्ण प्रोग्राममधली कोणतीही फाइल ते वापरू शकते. लपवायचं असेल तर तुम्हाला स्टॅटिक असं लिहावं लागतं. माझ्या मते हा डिफॉल्ट उलटा आहे. जाहीर करायला शब्द लिहावा लागला असता आणि लपलेलं फुकट मिळालं असतं तर खूप डोकेदुखी वाचली असती. पण भाषा आहे तशी आहे, तेव्हा तो उलटा डिफॉल्ट सवयीने सरळ करून घ्यायचा.

पायरी १: फाइल फोडायच्या आधीच सगळ्यांना स्टॅटिक लावा

हो, अजून एकच फाइल आहे तेव्हाच. मेन सोडून प्रत्येक फंक्शनपुढे स्टॅटिक लिहा. कंपाइल करा, प्रोग्राम आधीसारखाच चालेल. मग फायदा काय? दोन लगेच मिळतात. एक म्हणजे कंपाइलरला आता खात्रीने कळतं की हे फंक्शन याच फाइलमध्ये वापरलं जाणार, त्यामुळे कोणीच न बोलावलेलं फंक्शन असेल तर डॅश मोठा डब्ल्यू ऑल हा फ्लॅग लावल्यावर तो सरळ सांगतो की हे डिफाइन केलंय पण वापरलेलं नाही. माझ्या एका जुन्या प्रोग्राममध्ये असं केलं तेव्हा सात मेलेली फंक्शनं सापडली, त्यातलं एक तर मी आदल्याच आठवड्यात दुरुस्त करत बसलो होतो. दुसरं म्हणजे ऑप्टिमायझरला, म्हणजे कंपाइलरच्या कोड वेगवान करणाऱ्या भागाला, हात मोकळे मिळतात, छोटं फंक्शन जागच्या जागी उलगडून तो मूळ फंक्शन काढूनही टाकू शकतो, जाहीर फंक्शनच्या बाबतीत त्याला ते करता येत नाही कारण बाहेरून कोणी हाक मारेल का हे त्याला माहीत नसतं.

याच वेळी क्रमही लावून टाका. सी वरून खाली वाचतं, त्यामुळे बोलावण्याआधी नाव ओळखीचं असायला हवं. दोन पद्धती आहेत. छोटी मदतनीस फंक्शनं वर आणि मेन सगळ्यात खाली, किंवा वर सगळ्यांचे प्रोटोटाइप (फंक्शनचं नाव आणि टाइप सांगणारी, देह नसलेली ओळ) लिहायचे आणि खाली हव्या त्या क्रमाने फंक्शनं. मी पहिली पद्धत वापरतो, प्रोटोटाइप दोन ठिकाणी सांभाळायचा कंटाळा येतो, फक्त दोन फंक्शनं एकमेकांना बोलावत असतील तेव्हा एकाचा प्रोटोटाइप वर लिहावाच लागतो.

जुन्या सी मध्ये ओळख नसलेलं फंक्शन बोलावलं तर कंपाइलर स्वतःच धरून चालायचा की ते इंट परत देतं. सी९९ ने म्हणजे १९९९ च्या स्टँडर्डने हे बंद केलं, तरी कंपाइलर वर्षानुवर्षं नुसती वॉर्निंग देऊन सोडून देत होते. जीसीसी या कंपाइलरच्या १४ व्या व्हर्जनपासून, २०२४ मध्ये, तो डिफॉल्टनेच एरर झाला. त्यामुळे जुन्या पुस्तकातला कोड नव्या कंपाइलरवर अडकला तर घाबरू नका, बहुतेक वेळा एक इन्क्लूड राहिलेलं असतं.

पायरी २: कुठे कापायचं

नवीन लोक हमखास एक चूक करतात, सगळी फंक्शनं एका फंक्शन्स.सी मध्ये, सगळे स्ट्रक्ट एका स्ट्रक्ट्स.एच मध्ये आणि सगळे ग्लोबल एका ग्लोबल्स.सी मध्ये. बघायला नीटनेटकं वाटतं पण एक बदल करायचा तर तिन्ही फाइली उघडाव्या लागतात. युटिल्स.सी ही पण त्याच घराण्यातली, सुरुवातीला दोन फंक्शनं असतात आणि वर्षभरात तो माळा होतो, नको ते सगळं तिथे.

कापायचं ते डेटाच्या बाजूने. एक स्ट्रक्ट किंवा एक साठा घ्या आणि विचारा, याच्या आत हात घालणारी फंक्शनं कोणती? ती सगळी एका फाइलमध्ये. आपल्या उदाहरणात हॅश टेबलच्या आत हात घालणारी आहेत नवीन टेबल बनवणारं, शब्द घालणारं, मोजणी विचारणारं, टेबल मोकळं करणारं, शिवाय हॅश काढणारं आणि टेबल भरत आलं की मोठं करणारं. ही सहा टेबल.सी मध्ये. फाइल वाचून शब्द सुटे करणारं रीडर.सी मध्ये. छापणारं रिपोर्ट.सी मध्ये. मेन.सी मध्ये फक्त मेन आणि कमांड लाइन बघणं.

आता या सहापैकी बाहेरच्यांना किती हवीत? चार. हॅश आणि ग्रो ही दोन बाहेर कोणालाच नकोत, ती स्टॅटिकच राहणार. उरलेल्या चारांवरचं स्टॅटिक काढायचं, आणि तेही आत्ता नाही, दुसऱ्या फाइलला गरज पडली की. मी खरंच असंच करतो, सगळं स्टॅटिक ठेवून फाइल फोडतो, कंपाइल करतो आणि जे जे नाव अडतं तेवढ्याचंच स्टॅटिक काढतो. शेवटी जी यादी उरते तोच तुमचा हेडर.

जाहीर होणाऱ्या नावांना पुढे टेबल_ असं लावा, टेबल_न्यू, टेबल_ॲड, टेबल_गेट, टेबल_फ्री. सी मध्ये नेमस्पेस, म्हणजे नावांचे वेगळे कप्पे, नाही, त्यामुळे नावाचा पुढचा भाग हीच नेमस्पेस. स्टॅटिकवाल्यांना मात्र हे ओझं नको, हॅश हे नाव पुरे, कारण रीडर.सी मध्ये अजून एक स्टॅटिक हॅश असलं तरी दोघांची भेटच होत नाही.

नावांच्या बाबतीत एक गंमत. ग्राफ काढायच्या प्रोग्राममध्ये कोणीतरी वाय१ नावाचं ग्लोबल व्हेरिएबल करतं आणि मॅथ.एच घेतल्यावर कंपाइलर तक्रार करतो. कारण वाय०, वाय१, जे०, जे१ ही मॅथ लायब्ररीतली बेसेल फंक्शनं आहेत, त्यांची आठवण कोणाला असते! तसंच लिनक्सवर रीड नावाचं स्वतःचं जाहीर फंक्शन लिहिलंत तर तुम्ही जोडलेली दुसरी एखादी लायब्ररी सिस्टिमच्या रीडऐवजी तुमचंच बोलावू शकते, आणि मग प्रोग्राम कुठे भरकटला ते शोधत बसा. स्टॅटिक असतं तर हे झालंच नसतं. नावाची सुरुवात दोन अंडरस्कोअरने किंवा अंडरस्कोअर आणि मोठ्या अक्षराने करू नका, ती नावं भाषेने स्वतःसाठी राखून ठेवलीयेत.

पायरी ३: हेडर, म्हणजे दुकानाची पाटी

टेबल.एच मध्ये फक्त तेवढंच लिहायचं जे बाहेरच्याला माहीत असणं भाग आहे. चार प्रोटोटाइप, त्यांना लागणारे टाइप, फार तर एखादा मॅक्रो. आतलं सामान पाटीवर लिहायचं नाही. स्टॅटिक फंक्शनचे प्रोटोटाइप हेडरमध्ये टाकू नका, ज्या फाइली तो हेडर घेतील त्या सगळ्या बोंबलतील की हे फंक्शन स्टॅटिक म्हणून सांगितलंय पण इथे डिफाइन नाही.

वर-खाली गार्ड लावा. इफएनडेफ करून एक नाव, टेबल_एच सारखं, लगेच डिफाइन करून तेच नाव आणि फाइलच्या शेवटी एंडइफ. एकच हेडर दोन वाटांनी एकाच फाइलमध्ये आला तर दुसऱ्या वेळी तो रिकामा जातो. प्रॅग्मा वन्स ही एक ओळ पण तेच काम करते, स्टँडर्डमध्ये नाही पण चालू वापरातल्या जवळजवळ सगळ्या कंपाइलरना समजते. काहीही वापरा, मात्र कॉपी-पेस्ट करताना गार्डचं नाव बदलायला विसरू नका. रीडर.एच मध्ये चुकून टेबल_एच राहिलं की दुसरा हेडर गुपचूप गायब होतो आणि एरर भलतीकडेच येतो. एकदा या भानगडीत माझी अख्खी संध्याकाळ गेली होती.

गार्डचा एक गैरसमज मात्र आत्ताच काढून टाका. गार्ड एकाच ट्रान्सलेशन युनिटमध्ये दोनदा येण्यापासून वाचवतो. दोन वेगळ्या डॉट सी फाइलींनी तोच हेडर घेतला तर दोघांत तो पूर्ण येणारच, यायलाच हवा. त्यामुळे हेडरमध्ये साध्या फंक्शनचा देह लिहिलात तर गार्ड असूनही लिंकर म्हणणार मल्टिपल डेफिनिशन. अपवाद स्टॅटिक इनलाइनवाल्या दोन-तीन ओळींच्या फंक्शनांचा, ती हेडरमध्ये चालतात कारण प्रत्येक फाइलला आपली प्रत मिळते.

आता ती मार खाल्ल्याची गोष्ट. टेबल.सी ने स्वतःचाच टेबल.एच घेतला पाहिजे, आणि तो सगळ्यात पहिला. नवीन माणसाला वाटतं, फंक्शन तर इथेच लिहिलंय, हेडर कशाला? माझ्याकडे एक सरासरी काढणारं फंक्शन होतं, इंट परत देणारं. हेडर बनवायचा आळस म्हणून मी मेन.सी मध्ये वरच हाताने त्याचा प्रोटोटाइप लिहिला होता. महिन्याने सरासरी दशांशात हवी म्हणून मूळ फंक्शन डबल केलं, मेन.सी मधली ओळ विसरलो. एकही एरर नाही, एकही वॉर्निंग नाही, आणि प्रोग्राम दर वेळी वेगळाच कचरा आकडा छापतोय. लिंकरने नाव जुळतंय बघितलं आणि जोडून दिलं. ६४ बिट इंटेल प्रोसेसरवर लिनक्समध्ये डबल परत येतं प्रोसेसरच्या एका रजिस्टरमध्ये (आतल्या छोट्या साठवणीच्या जागेत) आणि इंट वाचला जातो भलत्याच रजिस्टरमधून, तिथे त्या क्षणी जे पडलेलं असेल ते तुमचं उत्तर. प्रोटोटाइप एकाच हेडरमध्ये असता आणि दोन्ही फाइलींनी तो घेतला असता तर कंपाइलरने तिथल्या तिथे कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स म्हणून अडवलं असतं.

पहिला का घ्यायचा ते पण सांगतो. समजा टेबल.एच मध्ये साइज_टी वापरलंय पण त्यासाठी लागणारा एसटीडीडेफ.एच घ्यायचा राहिला. टेबल.सी मध्ये आधी दुसरे हेडर असतील तर साइज_टी त्यांच्यातून येतं आणि चूक झाकली जाते. स्वतःचा हेडर पहिला ठेवला की चूक लगेच उघडी पडते, तुमच्याकडेच, दुसऱ्याकडे जाऊन नाही.

आर्ग्युमेंट नसलेल्या फंक्शनच्या कंसात व्हॉइड लिहा. रिकामा कंस म्हणजे जुन्या नियमाने आर्ग्युमेंटबद्दल काहीच सांगितलेलं नाही असा अर्थ होत होता, सी२३ मध्ये तो व्हॉइडसारखाच झाला, पण तुमचा कंपाइलर कोणत्या मोडमध्ये आहे याची खात्री नसते.

पायरी ४: व्हेरिएबल, इथे सगळ्यात जास्त घोळ होतो

पहिला नियम, ग्लोबल नकोच. बहुतेक ग्लोबल हे स्ट्रक्टमध्ये टाकून पॉइंटरने फिरवता येतात. दुसरा, हवंच असेल तर फाइलपुरतं, स्टॅटिक लावून डॉट सी च्या वरच्या भागात, आणि बाहेरच्यांना हवं असेल तर वाचून देणारं एक फंक्शन. तिसरा, अगदीच सगळ्यांना थेट लागत असेल तर हेडरमध्ये एक्सटर्न लावून नुसतं डिक्लरेशन आणि एकाच, पुन्हा लिहितो, एकाच डॉट सी मध्ये एक्सटर्नशिवाय खरी डेफिनिशन.

या तिसऱ्यात लोक दोन प्रकारे पडतात. एक, हेडरमध्ये एक्सटर्न लिहायला विसरतात, नुसतं इंट टोटल. जीसीसीच्या जुन्या व्हर्जनमध्ये लिंकर असे तुकडे गुपचूप एकत्र करायचा आणि चालून जायचं. २०२० च्या जीसीसी १० पासून डिफॉल्ट बदलला आणि तोच कोड मल्टिपल डेफिनिशन म्हणत अडकायला लागला, तेव्हा कित्येक जुने प्रोजेक्ट एका अपडेटमध्ये मोडले होते. त्यावर जुना फ्लॅग परत लावून पळवाट काढता येते, काढू नका, एक्सटर्न लिहा.

दुसरा प्रकार जास्त वाईट कारण त्यात एरर येतच नाही. मल्टिपल डेफिनिशनने वैतागलेला माणूस हेडरमधल्या त्या ओळीला स्टॅटिक लावतो, एरर जातो, तो खूश. मी बघितलेला किस्सा सांगतो. टेबल.एच मध्ये स्टॅटिक इंट टोटल. टेबल.सी प्रत्येक शब्दाला टोटल एकाने वाढवतंय, मेन.सी शेवटी टोटल छापतंय, आणि छापतंय शून्य. डीबगरमध्ये टेबल.सी च्या आत थांबवलं तर १८४२, मेन मध्ये आलं की शून्य. दोन तास आम्ही मेमरी कोण खराब करतंय ते शोधत होतो. शेवटी दोन्ही फाइलींतून टोटलचा पत्ता छापला, दोन वेगळे पत्ते. इन्क्लूड म्हणजे कॉपी-पेस्ट, हेडरमधली स्टॅटिकची ओळ दोन्ही फाइलींत चिकटली आणि दोघांनी आपापलं खासगी टोटल बनवलं. कंपाइलरच्या दृष्टीने यात काहीच चूक नाही.

स्टॅटिक हा शब्द सी मध्ये दोन वेगळी कामं करतो हेही इथेच सांगून टाकतो, नाहीतर गोंधळ होतो. फंक्शनबाहेर लावला तर अर्थ, हे नाव या फाइलबाहेर जाऊ नये. फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलला लावला तर अर्थ, फंक्शन संपलं तरी हे जिवंत राहू दे आणि पुढच्या वेळी जुनी किंमत सापडू दे. दुसऱ्या प्रकारचं व्हेरिएबल दिसतं फक्त त्या फंक्शनमध्ये पण जगतं पूर्ण प्रोग्रामभर. सोयीचं आहे, पण थ्रेड, म्हणजे प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारी कामं, आले की दोन थ्रेड एकाच वेळी त्याच व्हेरिएबलवर तुटून पडतात, म्हणून जपून.

आणि साधी लोकल व्हेरिएबल पण जितकी उशिरा आणि जितकी आत तितकी बरी. सगळी ब्लॉकच्या, म्हणजे महिरपी कंसाच्या, डोक्यावर लिहायची सक्ती १९८९ च्या स्टँडर्डच्या काळातली, सी९९ पासून मध्येच डिक्लेअर करता येतं, फॉर लूपचा आय लूपच्या कंसातच जन्मला आणि तिथेच मेला तर बरं. लिनक्स कर्नलच्या कोडिंग नियमांत लिहिलंय की एका फंक्शनमध्ये लोकल व्हेरिएबल पाच-दहाच्या वर जाऊ नयेत, गेली तर फंक्शन फोडायची वेळ झाली. मला हा आकडा व्यवहारात बरोबर वाटतो.

सी++ कडून आलेल्यांसाठी एक टीप, फाइलच्या पातळीवरचा कॉन्स्ट सी++ मध्ये आपोआप फाइलपुरता असतो, सी मध्ये नसतो, तिथे स्टॅटिक कॉन्स्ट असं स्वतः लिहायचं.

पायरी ५: स्ट्रक्टचं पोट झाका

फंक्शनं लपवली, व्हेरिएबल लपवली, पण स्ट्रक्ट टेबलचे सगळे मेंबर हेडरमध्ये असतील तर रिपोर्ट.सी मधून कोणीतरी थेट काउंट नावाच्या मेंबरला हात लावणारच. आज ना उद्या, आणि बहुतेक वेळा तो कोणीतरी आपणच असतो, घाईत.

उपाय सोपा आहे. टेबल.एच मध्ये फक्त स्ट्रक्ट टेबल आणि पुढे सेमिकोलन, कंस नाही, मेंबर नाहीत. बाहेरच्यांना एवढंच कळतं की असा एक प्रकार आहे. त्याचा पॉइंटर ते ठेवू शकतात, टेबल_ॲडला देऊ शकतात, पण आत बघू शकत नाहीत. खरी व्याख्या टेबल.सी मध्ये. बाहेरून कोणी बाण लावून मेंबर गाठायला गेलं की कंपाइलर म्हणतो इनकंप्लीट टाइप. तुम्ही स्टँडर्ड लायब्ररीचा फाइल पॉइंटर रोज असाच वापरता, एफओपन देतं, एफक्लोज घेतं, आत काय आहे हे तुम्ही कधी विचारलं नाही.

किंमत काय? बाहेरच्याला त्याचा आकार माहीत नाही म्हणून तो स्टॅकवर असा स्ट्रक्ट बनवू शकत नाही, टेबल_न्यूने मॅलॉक करून द्यावं लागतं आणि टेबल_फ्री विसरून चालत नाही. म्हणून प्रत्येक छोट्या स्ट्रक्टला हे करू नका. एक्स-वाय चा पॉइंट असेल तर उघडाच ठेवा, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

पायरी ६: जोडणं, आणि एरर वाचणं

प्रत्येक डॉट सी डॅश सी फ्लॅगने वेगळी कंपाइल करून डॉट ओ बनवायची, मग सगळ्या डॉट ओ एकत्र लिंक करायच्या. डॉट सी फाइलला दुसऱ्या डॉट सी मध्ये इन्क्लूड करू नका, चालतं पण तुम्ही फाइली फोडल्याच नाहीत असा त्याचा अर्थ होतो.

अनडिफाइंड रेफरन्स दिसलं तर आधी तीन शक्यता तपासा: ती डॉट ओ लिंक करायची राहिली, नावात स्पेलिंग चुकलं, किंवा ज्या फंक्शनला बाहेरून बोलावताय त्यावर स्टॅटिक राहून गेलंय. मल्टिपल डेफिनिशन दिसलं तर डेफिनिशन हेडरमध्ये गेलीये किंवा एकाच नावाची दोन जाहीर फंक्शनं आहेत, ज्यातल्या एकाला तरी स्टॅटिक हवं होतं. व्हिज्युअल स्टुडिओमध्ये हेच दोन एरर एलएनके२०१९ आणि एलएनके२००५ या नंबरांनी येतात.

मेक (मेकफाइल वाचून फक्त बदललेल्या फाइली परत बनवणारं साधन) वापरत असाल तर अजून एक खड्डा आहे. हेडर बदलला पण मेकफाइलला माहीतच नाही की रिपोर्ट.ओ त्या हेडरवर अवलंबून आहे, मग ती जुनीच राहते, स्ट्रक्टचे मेंबर दोन फाइलींच्या नजरेत दोन वेगळ्या जागी, आणि प्रोग्राम कुठेही कोसळतो. क्लीन करून परत बनवलं की नीट चालतं, हे लक्षण दिसलं की समजा. जीसीसी आणि क्लँग या कंपाइलरना डॅश एमएमडी हा फ्लॅग दिला की ते ही अवलंबनाची यादी डॉट डी फाइलमध्ये स्वतः लिहून देतात, ती मेकफाइलमध्ये इन्क्लूड करायची.

पायरी ७: खरंच लपलंय का ते बघा

एनएम नावाची कमांड आहे, लिनक्स आणि मॅकवर मिळते. एनएम टेबल.ओ असं चालवा. प्रत्येक नावापुढे एक अक्षर येतं. मोठा टी म्हणजे जाहीर फंक्शन, छोटा टी म्हणजे स्टॅटिक, यू म्हणजे हे मला बाहेरून हवंय. डी आणि बी व्हेरिएबलसाठी, तिथेही मोठं अक्षर जाहीर आणि छोटं खासगी. आपल्या टेबल.ओ मध्ये मोठे टी चारच दिसायला हवेत, हॅश आणि ग्रो पुढे छोटा टी, आणि मॅलॉक, फ्री यांच्यापुढे यू. ऑप्टिमायझेशन चालू असेल तर हॅश कदाचित दिसणारच नाही, कंपाइलरने ते आतच मुरवून टाकलेलं असतं. पाचवा मोठा टी दिसला तर विचारा, हा इथे कसा आला?

हेच काम कंपाइलरकडूनही करून घेता येतं. डॅश मोठा डब्ल्यू मिसिंग डॅश प्रोटोटाइप्स असा फ्लॅग आहे, तो डॅश मोठा डब्ल्यू ऑल मध्ये येत नाही, वेगळा द्यावा लागतो. ज्या जाहीर फंक्शनचा प्रोटोटाइप आधी कुठे दिसला नाही त्यावर तो वॉर्निंग देतो, म्हणजे एक तर हेडरमध्ये घालायचं राहिलं किंवा स्टॅटिक लावायचं राहिलं, तिसरं कारण नसतं. या सगळ्या लेखातलं एकच काही करणार असाल तर हा फ्लॅग मेकफाइलमध्ये घाला.

पुढे टेबल.सी स्वतःच हजार ओळींची झाली आणि दोन फाइलींत फोडावी लागली तर? मग ग्रो ला दोन्ही फाइली बोलावणार, स्टॅटिक राहू शकत नाही. तेव्हा टेबल_इंटर्नल.एच असा दुसरा हेडर करायचा जो फक्त या दोन फाइली घेतील. लिंकरला नाव दिसेल पण पाटीवर नसेल. शेअर्ड लायब्ररी (प्रोग्राम चालताना जोडली जाणारी) बनवत असाल तर डॅश एफ व्हिजिबिलिटी बरोबर हिडन हा फ्लॅग अशी नावं लायब्ररीबाहेर जाऊ देत नाही.

उलट टोकाचं उदाहरण एसक्यूलाइट या डेटाबेसचं. त्यांचा कोड लिहिला जातो शंभरहून जास्त फाइलींत, पण लोकांना देताना सगळं जोडून एकच प्रचंड डॉट सी फाइल देतात आणि आतली फंक्शनं एका मॅक्रोने स्टॅटिक करून टाकतात. कंपाइलरला सगळं एकत्र दिसल्याने पाच ते दहा टक्के वेग वाढतो असं ते स्वतः सांगतात. म्हणजे फाइली फोडायच्या त्या वाचणाऱ्या माणसासाठी, मशीनला त्याचं काही पडलेलं नसतं.

राहता राहिला एक प्रश्न जो हमखास येतो, हॅश स्टॅटिक केलं तर त्याची टेस्ट कशी लिहू? दोन उत्तरं आहेत. शक्य असेल तर टेबल_ॲड आणि टेबल_गेट यांच्यातूनच तपासा, आतलं बरोबर असेल तर बाहेरचं बरोबर येईल. अगदी थेटच तपासायचं असेल तर टेस्ट_टेबल.सी मध्ये टेबल.सी लाच इन्क्लूड करा. हो, वर मी नको म्हणालो होतो, टेस्टसाठी चालतं, फक्त मग त्या टेस्टला टेबल.ओ वेगळी लिंक करू नका, नाहीतर पुन्हा मल्टिपल डेफिनिशन.